दक्षिण कोरियाची डोंगर-हिरवाई: जगलेले रोप मोजणारी योजना आणि तिने न मोजलेले लाकूड

1953 साली कोरियन युद्ध थांबले तेव्हा दक्षिण कोरियाच्या डोंगरांवर हेक्टरी जेमतेम 6 घनमीटर उभे लाकूड उरले होते. 2020 साली तो आकडा 165 घनमीटरच्या आसपास पोचला. कागदावरचे वनक्षेत्र या काळात वाढलेले नाही, उलट थोडे घटले. आज देशाच्या जमिनीचा सुमारे 63 टक्के भाग, म्हणजे साधारण 63 लाख हेक्टर, ‘वन’ आहे, आणि तेव्हा तो याहून थोडा जास्तच होता. फरक एवढाच, की तेव्हा त्या वनात झाडे नव्हती.

हे घडवणाऱ्या, 1973 साली सुरू झालेल्या वनीकरण योजनेची चर्चा बहुधा लावलेल्या रोपांच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तो आकडा मोठा आहेच. पण एवढी रोपे लावणारे देश पुष्कळ आहेत, ती जगवणारे थोडे. कोरियाने ती कशी जगवली याची उत्तरे वनशास्त्रात कमी आणि नियोजनात जास्त सापडतात: आधी घराघरातले इंधन बदलले, वनखाते योग्य मंत्रालयाखाली नेले आणि लावलेल्याऐवजी जगलेले रोप मोजले. या योजनेने जे मोजले ते तिला मिळाले. जे मोजले नाही, म्हणजे लाकडाचा उद्योग, ते मिळाले नाही. या लेखात दोन्ही बाजू पाहायच्या आहेत.

डोंगर बोडके का झाले

जपानी राजवटीत (1910–1945) चांगली जंगले तोडली गेली, शेवटच्या युद्धवर्षांत तर बेसुमार. त्यानंतर कोरियाची फाळणी, निर्वासितांचे लोंढे आणि तीन वर्षांचे युद्ध. हे सगळे खरे असले तरी दरवर्षी, न थांबता होणारा ऱ्हास चुलीमुळे होत होता.

कोरियातले पारंपरिक घर ‘ओंडोल’ पद्धतीने गरम होते. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि उष्णता दगडी फरशीखालच्या पोकळ्यांतून फिरवून पलीकडच्या धुराड्याने बाहेर काढतात. हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली बराच काळ राहते, त्यामुळे चूल केवळ भातापुरती पेटवून भागत नाही. तिथे सरपण हे अन्नाइतकेच जगण्याचे साधन होते. मोठी झाडे संपल्यावर लोक फांद्यांवर आले, मग झुडपांवर, मग गवतावर. शेवटी पाइनच्या झाडांखाली पडलेल्या सुया आणि पालापाचोळा दाताळ्याने ओढून नेण्यापर्यंत गोष्ट आली. काही भागांत खोडांची मुळेही खणून काढली जात.

पालापाचोळा नेणे हे झाड तोडण्यापेक्षा कमी दिसते आणि जास्त मारते. कोरियाचा मोठा भाग ग्रॅनाइटवर बसलेला आहे. ग्रॅनाइट झिजून जी भरड, वाळूसारखी माती होते ती सेंद्रिय थराशिवाय उतारावर टिकत नाही. जून-जुलैत मोसमी पाऊस पडला की ती ओघळींतून खाली येते, नदीपात्रे उथळ करते आणि भातखाचरे वाळूने भरून टाकते. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर वनक्षेत्राचा सुमारे दहावा हिस्सा असा पूर्ण उघडा पडला होता. डोंगर बोडका झाला की पूर येई, पुढच्या उन्हाळ्यात खालच्या धरणात पाणी नसे, आणि भात बुडे. वनाचा प्रश्न देशाच्या अन्नाचा प्रश्न होता, म्हणून तो पुढे राष्ट्रीय नियोजनात आला.

1961 ते 1972: कायदे आले, झाडे टिकली नाहीत

मे 1961 मध्ये पार्क चुंग-ही लष्करी उठावाने सत्तेवर आले. त्याच वर्षी विनापरवाना वनोपज नेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला आणि डिसेंबरमध्ये वन कायदा. 1962 साली पहिली पंचवार्षिक आर्थिक योजना सुरू झाली, त्याच वर्षी धूप-नियंत्रणाचा कायदा आला. 1967 साली कृषी मंत्रालयाखाली स्वतंत्र वनसेवा स्थापन झाली. गावपातळीवर ‘सान्रिमग्ये’ नावाच्या वनसमित्या होत्या, त्यांनाही 1961 च्या कायद्याने अधिकृत स्थान मिळाले.

कागद चोख होता. लागवडही कमी नव्हती, साठच्या दशकाच्या मध्यावर तर काही वर्षे प्रचंड लागवड झाली. तरी हेक्टरी साठा 1973 पर्यंत 11 घनमीटरच्या पुढेमागेच घुटमळत राहिला. वीस वर्षांत 5 घनमीटरची वाढ!

याची कारणे पाहिली तर आपल्याकडच्या कोणत्याही वनकर्मचाऱ्याला ती ओळखीची वाटतील. लागवडीचे लक्ष्य हेक्टरांत आणि रोपांत दिलेले असे, म्हणून अहवाल हेक्टर आणि रोपांचा येई. लावणारे खाते आणि जगलेली रोपे तपासणारे खाते एकच. वनखात्याकडे गावात माणूस नव्हता. पोलीस, तालुका आणि जिल्हा प्रमुख हे गृहमंत्रालयाचे, त्यांच्या कामाच्या यादीत झाड नव्हते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे चूल अजून सरपणावरच होती. लावलेले रोप तीन वर्षांत कमरेएवढे झाले की हिवाळ्यात ते कोणाच्या तरी घरात जळत होते. थंडीने गारठलेल्या कुटुंबाला बंदीचा कायदा थांबवू शकत नाही, आणि थांबवावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

आधी चूल

पर्यायी इंधन दोन वाटांनी आले. पहिली वाट कोळशाची. देशाच्या ईशान्येला तेबेक पर्वतराजीत अँथ्रासाइट कोळसा आहे. तिथपर्यंत रेल्वे नेणे आणि खाणी वाढवणे हा पंचवार्षिक योजनांतल्या ऊर्जा विभागाचा विषय होता, वन विभागाचा नव्हता. या कोळशाच्या भुकटीपासून उभी आरपार भोके असलेली दंडगोल वडी बनते, तिला यॉनतान म्हणतात. भोकांतून हवा खेळते आणि वडी तासन्‌तास मंद जळत राहते. एकावर एक वडी ठेवली की विस्तव विझत नाही. म्हणजे ओंडोलला हवी तशीच उष्णता. पन्नाशीच्या अखेरीपासून सोल आणि इतर मोठ्या शहरांत सरपण आणण्यावर निर्बंध आले, पण ते कोळसा पोचल्यावर आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. शहरांतली मागणी आटली तशी विक्रीसाठी होणारी तोड कमी झाली.

या बदलाची किंमतही होती आणि ती माणसांनी मोजली. यॉनतान अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडते. फरशीखालच्या पोकळीला तडा असला की तो वायू झोपायच्या खोलीत शिरतो. कित्येक वर्षे हिवाळ्यात या विषबाधेने माणसे मरत राहिली. वनयोजनेच्या यशाच्या हिशेबात हे मृत्यू क्वचितच दिसतात, पण ते तिथेच मांडायला हवेत.

दुसरी वाट गावांसाठी. तिथे कोळसा उशिरा आणि महाग पोचणार होता, म्हणून गावाजवळ जळाऊ लाकडाची वने लावली गेली. 1959 ते 1977 या काळात अशी वने 6 लाख हेक्टरांहून अधिक जागेवर झाली. यात रॉबिनिया (तिथे तिला सरसकट ‘अकेशिया’ म्हणतात), अल्डर, पिच पाइन आणि लेस्पेडेझा ही झुडपी शेंगवर्गीय वनस्पती मुख्य होती. रॉबिनिया तोडली की बुंध्यातून आणि मुळांतून पुन्हा फुटते, लेस्पेडेझा दरवर्षी कापता येते. दोन्ही आणि अल्डरही हवेतला नत्र मुळांत साठवतात, त्यामुळे निकृष्ट मातीत तग धरतात. जोडीला चुलीचे तोंड लहान करणे, हवेला झडप बसवणे अशा सुधारणांची मोहीम चालली. एकट्या चुलीच्या दुरुस्तीने सरपणाची गरज लक्षणीय उतरते, आणि तिला नवे काहीच पेरावे लागत नाही.

भारतात ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाने याच प्रश्नाला हात घातला होता. पण शेतावर लावलेला निलगिरी बहुतांशी बल्ल्या आणि कागदाच्या लगद्याच्या बाजारात गेला, चुलीपर्यंत पोचला नाही. कोरियातले जळाऊ वन गावाच्या ताब्यात आणि गावाच्या पायाशी होते, शिवाय मागून कोळसा येत होता. तो मागून आला नसता तर ही 6 लाख हेक्टर वनेही पुरली नसती, असे आमचे मत आहे.

1973: वनखाते गृहमंत्रालयात

‘डोंगर-हिरवाईची पहिली दहा वर्षांची योजना’ 1973 साली सुरू झाली. लक्ष्य 10 लाख हेक्टर, मुदत 1982 पर्यंत. योजनेआधीचा सर्वांत मोठा निर्णय प्रशासकीय होता: वनसेवा कृषी मंत्रालयातून काढून गृहमंत्रालयाखाली देण्यात आली. ग्यॉंगी प्रांताचे राज्यपाल राहिलेले सोन सू-इक तिचे प्रमुख झाले. ते वनाधिकारी नव्हते, प्रशासक होते.

याचा अर्थ काय, ते गावात बसून पाहावे लागते. त्या काळच्या कोरियात राज्यपाल, जिल्हाप्रमुख आणि पोलीस एकाच गृहमंत्र्याला जबाबदार होते. स्थानिक निवडणुका नव्हत्या, प्रमुख नेमले जात. त्यामुळे 1973 नंतर जिल्हाप्रमुखाची बढती किंवा बदली त्याच्या जिल्ह्यातल्या रोपांवर अवलंबून राहू लागली. वणवा लागला, सरपणाची चोरी झाली, तर पोलीसठाण्याला जाब द्यावा लागे. याआधी दहा वर्षे याच पोलिसांसाठी ते ‘दुसऱ्या खात्याचे काम’ होते. वनसेवा 1987 पर्यंत, म्हणजे दुसरी योजना संपेपर्यंत, तिथेच राहिली.

दुसरी कडी सेमाउल (‘नवे गाव’) या सरकारी ग्रामविकास चळवळीची. 1970 साली सरकारने देशभरातल्या 33 हजारांहून अधिक गावांना प्रत्येकी 335 पोती सिमेंट दिले आणि काय करायचे ते गावावर सोडले. पुढच्या खेपेला ज्या गावांनी ते चांगले वापरले अशा निम्म्याच गावांना 500 पोती सिमेंट आणि 1 टन लोखंड मिळाले. उरलेल्यांना काही नाही. याच यंत्रणेवर वनयोजना बसवली गेली. गावाने स्वतःची रोपवाटिका लावायची, सरकारने रोपे विकत घ्यायची, पैसा गावाच्या निधीत. लागवड गावानेच करायची. जमीन खासगी असली आणि मालक लावत नसला तर त्याला आदेश निघे, तरी हलला नाही तर लागवड गावसमितीकडे जाई आणि उत्पन्नात तिचा वाटा ठरे.

हे सगळे गोड शब्दांत सांगता येते, पण त्यात सक्ती होती. डोंगरावर जायला बंदी, पालापाचोळा गोळा करायला बंदी, लागवडीच्या दिवसांत घरटी माणूस. हुकूमशाहीत ‘लोकसहभाग’ हा शब्द जपून वापरावा लागतो. तरी गावाच्या निधीत खरा पैसा येत होता, हेही तितकेच खरे.

रोप, खड्डा, मोजणी

योजनेने दहा मुख्य जाती ठरवून दिल्या. लवकर वाढणाऱ्यांत इटालियन पॉपलर, संकरित पॉपलर, पॉलोनिया, रॉबिनिया आणि अल्डर. दीर्घ मुदतीच्या चार: कोरियन पाइन, जपानी लार्च, सुगी आणि हिनोकी. यातल्या शेवटच्या दोन, म्हणजे जपानी सूचिपर्णी जाती, फक्त उबदार दक्षिणेत. दहावी जात चेस्टनट, म्हणजे फळासाठी. पहिल्या योजनेत लवकर वाढणाऱ्या जातींना झुकते माप होते, दुसऱ्या योजनेत ते उलटवले. या यादीमागे संशोधन होते. वनअनुवंशशास्त्रज्ञ ह्यॉन शिन-ग्यू यांनी पिच पाइन आणि लोब्लॉली पाइन यांचा संकर केला होता: पहिल्याचा थंडीला टिकाव, दुसऱ्याची सरळ, वेगवान वाढ. पांढऱ्या पॉपलरचा स्थानिक जातीशी केलेला त्यांचा संकर तर नदीकाठाऐवजी डोंगराच्या पायथ्यालाही येऊ लागला. चेस्टनटवर 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून गाठ करणाऱ्या गांधिलमाशीचा कहर होता, म्हणून तिला दाद न देणाऱ्या वाणांची कलमेच वाटली गेली.

लागवडीचा काळ 21 मार्च ते 20 एप्रिल. ही खिडकी अरुंद असण्याचे कारण साधे आहे. रोपे पिशवीतली नव्हती, उघड्या मुळांची होती. गोठलेली जमीन सुटल्याशिवाय खड्डा निघत नाही, आणि कळ्या फुटल्यावर उपटलेले रोप मरते. त्यात कोरियाचा वसंत कोरडा आणि वाऱ्याचा. उघड्या मुळांची रोपे मरण्याचे पहिले कारण म्हणजे रोपवाटिकेपासून खड्ड्यापर्यंतच्या प्रवासात मुळे सुकणे. म्हणून जुड्या ओल्या पेंढ्यात बांधणे, डोंगरावर पोचल्यावर सावलीत चर खणून मुळे मातीने झाकून ठेवणे आणि लावणाऱ्याने एका वेळी थोडीच रोपे ओल्या पिशवीत घेणे, ही शिस्त लागते. साधारण 1.8 मीटर अंतराने हेक्टरी 3 हजार रोपे बसतात. पॉपलरला याच्या कितीतरी पट मोकळी जागा हवी. आधी गवताचा थर बाजूला करायचा, वरची काळी माती वेगळी ठेवायची, खड्डा मुळे न दुमडता मावतील एवढा, काळी माती आधी मुळांवर. अर्धा भरल्यावर रोप किंचित वर ओढायचे, म्हणजे मुळे सरळ होतात. मग पायाने घट्ट दाबायचे. दाबले नाही तर मुळांभोवती हवा राहते आणि रोप महिनाभर हिरवे दिसून मे महिन्यात वाळते.

नेमका हा ‘महिनाभर हिरवे’ काळच जगभरच्या लागवड अहवालांना वाचवतो. कोरियाने तो बंद केला. तपासणी एकदा नाही, टप्प्याटप्प्याने व्हायची: गाव स्वतः, मग जिल्हा आणि प्रांत. त्यावर ‘आडवी तपासणी’, म्हणजे एका प्रांताचे अधिकारी दुसऱ्या प्रांतातली लागवड तपासणार. स्वतःच्या कामाला गुण देण्याची सोय राहिली नाही. तपासणाऱ्याला यजमान प्रांताची मर्जी राखण्याचे कारण नव्हते, उलट त्यांच्या चुका सापडल्या तर स्वतःचा क्रमांक वर जाणार होता. रोप घट्ट बसले आहे का ते ओढून पाहिले जाई. मेलेल्या जागी पुन्हा रोप लावल्याशिवाय क्षेत्र पूर्ण धरले जात नसे.

महाराष्ट्रात 2016 ते 2019 या वर्षांत अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी रोपांची लक्ष्ये ठेवली गेली होती. अशा मोहिमांचे मूल्यमापन करताना कोरियाच्या प्रकरणातून एकच प्रश्न उचलावा: जगलेले रोप कोण मोजतो, आणि तो ज्याचे मोजतो त्याच्या हाताखाली आहे का?

यॉंगिल: जिथे खड्डाही निघत नव्हता

सगळीकडे रोप लावून भागले नाही. आग्नेय किनाऱ्यावरच्या पोहांग शहराजवळचा यॉंगिल भाग हे सर्वांत अवघड उदाहरण. इथला खडक चिखलदगडाचा. पाणी लागले की तो भुगा होतो आणि उतारावरून सुटतो. आधीचे अनेक प्रयत्न पावसाने धुऊन नेले होते. जपानहून सोलला येणारी विमाने याच भागावरून येत, त्यामुळे हा उघडा डोंगर परदेशी पाहुण्यांना पहिला दिसे, हेही सरकारच्या आग्रहाचे एक कारण.

1973 ते 1977 मध्ये इथे 4,538 हेक्टरांवर काम झाले, सुमारे 35 लाख मनुष्यदिवसांचे. पद्धत अशी. आधी उतार छाटून समतल पायऱ्या काढायच्या. ओघळींत वरून खाली दगडी बांध आणि दगडी नाल्या, म्हणजे पाण्याला उतरायला ठरलेली वाट. मग खालून सुपीक माती आणि मुळांसकट गवताचे तुकडे डोक्यावर, पाठीवर वर न्यायचे आणि पायरीच्या कडेला रचायचे. त्या मातीत रॉबिनिया, अल्डर, लेस्पेडेझा आणि गवताचे बी खतासह पेरायचे, वर पेंढ्याचे आच्छादन. पाइन वगैरे झाडांची पाळी नंतर. हे सगळे जूनअखेरच्या पावसाआधी हेक्टरभर पूर्ण झाले पाहिजे. अर्धवट राहिलेली पायरी ही पाण्याला आयती घसरगुंडी ठरते आणि खालच्या पूर्ण झालेल्या पायऱ्याही घेऊन जाते. म्हणून इथे कामाचा एकक लहान ठेवला गेला: मोठा डोंगर एकदम उघडायचा नाही, वरच्या ओघळीपासून खालपर्यंत एक पट्टा संपवायचा, मगच दुसरा घ्यायचा.

डोंगर जाळून केली जाणारी फिरती शेती हा वेगळा गुंता होता. तिचे केंद्र गांगवॉन प्रांत. 1966 साली ती बंद करण्याचा कायदा झाला, पण 1968 च्या अखेरीस उत्तर कोरियाचे सशस्त्र घुसखोर उल्जिन-साम्चॉक किनाऱ्यावर उतरले आणि विखुरलेल्या डोंगरी वस्त्या सुरक्षेचा प्रश्न बनल्या. त्यानंतर कायद्याला धार आली. 20 अंशांपेक्षा तीव्र उताराची शेते वनाला परत, त्याखालची कायमची शेती म्हणून नोंद. सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत या कामात सुमारे 3 लाख कुटुंबांची शेते आली. काहींना जागेवरच पक्की जमीन मिळाली, काहींना खाली हलवले गेले. त्याच सुमारास कारखान्यांत रोजगार वाढत होता म्हणून हे निभावले. तो नसता तर हीच माणसे शहराकाठच्या झोपड्यांत साठली असती, आणि त्यातली काही साठलीच.

योजना मुदतीआधी संपली

पहिली योजना 1978 सालीच, चार वर्षे आधी, 10.8 लाख हेक्टरांवर पूर्ण झाली. रोपे 300 कोटींच्या आसपास. दुसरी 1979 ते 1987, तिच्यात 9.6 लाखांहून अधिक हेक्टर. पंधरा वर्षांत वीस लाख हेक्टर, म्हणजे वनक्षेत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

हे श्रेय योजनेचे की आर्थिक वाढीचे, हा वाद अर्थतज्ज्ञांत आहे. गावातला तरुण कारखान्यात गेला, घरी कोळसा आणि पुढे तेल-गॅस आला, डोंगरावरचा भार आपोआप उतरला, असे एक बाजू म्हणते. ते खरे आहे. पण वीस वर्षे बोडका राहिलेला, वरचा थर वाहून गेलेला ग्रॅनाइटचा उतार भार उतरल्यावरही स्वतःहून लवकर भरत नाही. उलट भार न उतरवता केलेली साठच्या दशकातली लागवड चुलीत गेली. दोन्ही गोष्टी एकाच दशकात जुळून आल्या, आणि त्या जुळवणे हेच नियोजन होते. सीमेपलीकडे उत्तर कोरियात डोंगर तसेच, लोक तेच. तिथे नव्वदच्या दशकात इंधन आणि अन्न दोन्ही तुटले, उतारांवर शेती चढली आणि जंगल घटले.

लाकडाचे काय झाले

याच वर्षांत दक्षिण कोरिया प्लायवूडचा मोठा निर्यातदार होता. पण ते लाकूड फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि मलेशियाच्या सबाह राज्यातल्या लाउआन या उष्णकटिबंधीय झाडांच्या ओंडक्यांचे. बुसान, इंचॉनसारख्या बंदरांत ओंडके उतरत, सोलून चिकटवून जहाजात चढत. स्वतःच्या डोंगरांशी या उद्योगाचा संबंध नव्हता. ओंडके विकणारे देश स्वतः प्लायवूड करू लागले, 1985 साली इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि हा उद्योग ओसरला. देशाच्या योजनेत एका पानावर वन होते, दुसऱ्या पानावर लाकूड-उद्योग. दोन पाने शिवलीच नाहीत.

आज देशाच्या लाकडाच्या गरजेपैकी सुमारे सहावा हिस्सा देशातून भागतो, बाकी आयात. इतका साठा उभा असताना असे का? पहिले कारण जातींचे. माती धरायला आणि सरपणाला निवडलेली पिच पाइन, रॉबिनिया ही झाडे फळ्यांना फारशी चांगली नाहीत. त्या वेळी ती निवड बरोबर होती, कारण लार्च त्या मातीत जगलाच नसता. पण दुसऱ्या फेरीत जात बदलायचा खर्च कोण करणार हे ठरलेले नव्हते.

दुसरे कारण विरळणीचे. हेक्टरी 3 हजार लावलेली झाडे 15 ते 20 वर्षांनी विरळ करावी लागतात, नाहीतर सगळी बारीक आणि उंच राहतात, जाडी धरत नाहीत. ऐंशीच्या उत्तरार्धात ती वेळ आली तेव्हा गावे रिकामी झाली होती आणि मजुरी चढली होती. सरकारी आकड्यांत लागवड होती, विरळणीला तसा मान नव्हता. 1997 च्या आर्थिक संकटानंतर बेरोजगारांना काम म्हणून 1998 पासून विरळणीचा मोठा सार्वजनिक कार्यक्रम काढला गेला. त्यात तोडलेले बरेचसे लाकूड मात्र डोंगरावरच पडून राहिले, कारण खाली आणायला रस्ता नव्हता.

तो तिसरा मुद्दा. कोरियात हेक्टरी सुमारे 4 मीटर वनरस्ता आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात 50 मीटरच्या आसपास. तीव्र उतारावर रस्ता काढणे महाग, आणि वाईट काढला तर तोच दरड कोसळण्याचे कारण होतो. पण रस्त्याशिवाय तारेवरची उचल-यंत्रेही पोचत नाहीत, आणि मग एका घनमीटरचा तोडणी-वाहतूक खर्च लाकडाच्या भावापेक्षा जास्त होतो. चौथे कारण मालकीचे: दोन-तृतीयांश वन खासगी, मालक सुमारे 20 लाख, सरासरी तुकडा 2 हेक्टरांच्या आगेमागे, आणि बरेच मालक शहरात. दोन हेक्टरांसाठी कोणी चाळीस वर्षांचा आराखडा करत नाही. जर्मन मदतीने सत्तरच्या दशकात उल्सानजवळ अशा छोट्या मालकांचे सहकारी व्यवस्थापन सुरू केले गेले, ते देशभर पसरले नाही. वनातून उत्पन्न येते ते चेस्टनट, पाइनचे दाणे, ओकच्या ओंडक्यांवरच्या शिताके अळिंब्या, रानभाज्या आणि औषधी यांतून. लाकूड त्यांच्या मागे आहे.

एकाच वयाचे जंगल

पंधरा वर्षांत लावलेले जंगल एकाच वेळी म्हातारे होते. आता बहुतांश झाडे 30 ते 50 वर्षांच्या टप्प्यात आहेत. वाढीचा वेग मंदावला तसे कार्बन शोषण्याचे प्रमाण 2008 च्या सुमारास शिखरावर जाऊन उतरू लागले. यावर वनसेवेने 2021 साली उपाय मांडला: जुने जंगल टप्प्याने तोडून 2050 पर्यंत 300 कोटी नवी रोपे लावायची. तोडलेल्या डोंगरांची छायाचित्रे पसरली, पर्यावरण संघटना आणि सामान्य लोक भडकले आणि वनसेवेला आराखडा मवाळ करावा लागला. ज्या पिढीने शाळेत असताना रोपे लावली तिलाच आता ती तोडायला सांगणे अवघड आहे. आमच्या मते 40 वर्षांच्या झाडांना ‘म्हातारे’ म्हणण्याची घाईही चुकीची होती. विरळणी करून उरलेल्यांना जाडी धरू देणे, हा मधला मार्ग आधी रस्त्यांसकट वापरून पाहायला हवा होता.

याच एकसारखेपणाचे आणखी दोन परिणाम. पाइन मर रोग, सूत्रकृमीमुळे होणारा आणि भुंगेऱ्यावाटे पसरणारा, 1988 साली बुसानमध्ये सापडला. मेलेले झाड वसंतात भुंगेरे बाहेर पडण्याआधी तोडून चिरडले किंवा धुरी दिली तरच तो थांबतो, आणि रस्ता नसलेल्या डोंगरावर हे वेळेत होत नाही. दुसरा परिणाम वणव्यांचा. 2000 साली पूर्व किनाऱ्यावर 23 हजारांहून अधिक हेक्टर जळाले, 2022 मध्ये उल्जिन-साम्चॉक भागात पुन्हा मोठा वणवा लागला. मार्च 2025 मध्ये उइसॉंगपासून पेटलेली आग वाऱ्याने पूर्वेकडे समुद्रापर्यंत गेली. त्या आठवड्यातल्या सगळ्या वणव्यांत मिळून सुमारे 1 लाख हेक्टर जळाले आणि तीसच्या आसपास माणसे दगावली. पाइनच्या सुयांत राळ असते, शेंड्याला आग लागली की ती झाडावरून झाडावर उडी घेते. खाली साठलेला पालापाचोळा, जो पूर्वी कोणी राहूच देत नव्हते, आता जाड थर झाला आहे.

जळालेल्या भागात पुन्हा काय लावायचे यावर आता मतभेद आहेत. पाइनच हवे असे म्हणणाऱ्यांत वनमालकांच्या बरोबरीने पाइनखाली उगवणाऱ्या सोंगी अळिंब्यांवर जगणारी कुटुंबेही आहेत, कारण त्या अळिंब्या दुसऱ्या झाडाखाली येत नाहीत. ओक स्वतःहून बुंध्यातून फुटून येतो, आगीला जास्त टिकतो आणि त्याला रोपवाटिका लागत नाही. पण त्यातून मालकाला पुढची वीस-तीस वर्षे काही मिळत नाही. जिथे उतार तीव्र आणि माती उथळ आहे तिथे जळकी खोडे न ओढता ओक येऊ द्यावा. वस्ती, वीजवाहिन्या आणि मंदिरांभोवती पाइन विरळ करून पानझडीचा पट्टा ठेवावा. सोंगी येणाऱ्या कड्यांवर पाइन परत लावावा आणि तिथल्या मालकांना मधल्या वर्षांचे उत्पन्न सरकारने द्यावे, अशी विभागणी करता येईल. तिचा खर्च रोपांच्या खर्चापेक्षा बराच जास्त आहे, आणि लागवडीच्या आकड्यात त्यातले फार थोडे दिसेल.